माउईला निघालेल्या चौघी आणि डळमळलेली चौथी

पत्र:

ताई, आम्ही चौघी मैत्रिणी सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला राहतो. मुलं कॉलेजला गेली, घरं ओस पडली, तेव्हा एकीने युकुलेले आणलं, चार तारांचं ते छोटं गिटारसारखं हवाईयन वाद्य. पाहता पाहता चौघींकडे आलं. दर रविवारी कुणाच्या तरी घरी बसतो, वाजवतो, पोहे खातो. फेब्रुवारीत माउईला हवाईयन संगीताचा सहा दिवसांचा कॅम्प आहे. त्याचे पैसे भरलेत, तिकिटं काढलीत आणि ग्रुपवर रोज ‘इतके दिवस उरले’ चालू आहे. सगळ्यात जास्त हौस मलाच होती. आता मात्र पोटात गोळा येतो. आमच्यातली एक हार्मोनियम विशारद आहे. तिने ठरवलंय की शेवटच्या रात्री सगळ्यांसमोर ‘आलोहा ओए’ या हवाईयन गाण्याच्या चालीवर मराठी शब्द बसवून चौघींनी गायचं. गवताचे घागरे आणि प्लास्टिकचे हारही मागवून झालेत. दुसरीने एक्सेल शीट केलीय. पहाटे सूर्योदय, दुपारी स्नॉर्केलिंग, संध्याकाळी लुआऊ (म्हणजे नाचगाण्याची मेजवानी), क्लास जमेल तसा. तिसरी म्हणते, मला काहीही चालेल. मी चौथी. कॉर्ड बदलताना माझी बोटं अडकतात. गेल्या रविवारी विशारदबाई म्हणाल्या, “तू नुसती हातात धर, वाजवू नकोस.” नवरा म्हणतो, अठ्ठावन्नाव्या वर्षी हे काय खूळ. डिसेंबरअखेर नाव काढलं तर निम्मे पैसे परत मिळतील. काढू का?
— चौघींतली चौथी

उत्तर:

चौथीबाई, नाव काढू नका. आधी हे सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू.

“नुसती हातात धर” हे वाक्य झोंबणारंच. त्या बाईंचा समाचार पुढे घेते. आधी तुमच्या बोटांचं बघू, कारण त्या भीतीवर इलाज आहे आणि तो दोन महिन्यांत होण्यासारखा आहे.

हुला म्हणजे हवाईचा नाच. त्याची बरीचशी गाणी छोट्या छोट्या कडव्यांची असतात. कडवं दोनदा म्हणतात, मग मध्ये वाजवायची एक लहानशी जागा येते, मग पुढचं कडवं. त्या जागेला तिकडे व्हॅम्प म्हणतात. सी पट्टीत असाल तर डी सेव्हन दोन मात्रा, जी सेव्हन दोन मात्रा आणि सी चार मात्रा. बहुतेक वेळा हेच दोनदा. नाचणारी तेवढ्यात पाय सावरते, गाणारा दम घेतो. गाणं कुठलंही असो, ही जागा फिरून फिरून येत राहते. ती जिच्या हातात पक्की, ती गोल करून वाजवणाऱ्यांच्या मंडळात कामाची, मग बाकी कॉर्ड निम्मे चुकले तरी चालतात.

आणि यातला डी सेव्हन तुम्ही कदाचित उगाच अवघड करून वाजवत असाल. पुस्तकातल्या डी सेव्हनमध्ये एक बोट आडवं टाकून तारा दाबायच्या असतात, तिथेच बोटं रडकुंडीला येतात. तिकडे सर्रास वाजवतात तो दोन बोटांचा. छताच्या बाजूची पहिली तार दुसऱ्या फ्रेटवर (म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या पट्टीच्या घरात), एक तार मोकळी सोडून तिसरी तारही दुसऱ्या फ्रेटवर, बस्स. तिथून जी सेव्हनला तीन बोटं लागतात आणि सीला एकच. रोज पंधरा मिनिटं फक्त हीच फेरी करा. गाणं नको, यूट्यूब नको. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं अ‍ॅप, मिनिटाला साठवर लावा. डावा हात अडकला तरी उजवा थांबवायचा नाही, एवढा एकच नियम. कॉर्ड हुकला तर हुकू दे, ताल चालू राहिला पाहिजे. मंडळात बसल्यावर चुकलेला कॉर्ड शेजारणीलाही ऐकू येत नाही. थांबलेला हात मात्र सगळ्यांना दिसतो. जानेवारीच्या मध्यापर्यंत साठाचे नव्वद झाले पाहिजेत. मग तीच फेरी एफ पट्टीत घ्या: जी सेव्हन, सी सेव्हन, एफ. गायकाला आवाज चढवायचा असला की पट्टी बदलते, तेव्हा उपयोगी पडेल.

आणखी दोन खुणा सांगते, म्हणजे अनोळखी गाण्यातही तुम्ही हरवणार नाही. एक, नवं कडवं सुरू व्हायच्या आत त्याचे पहिले एक-दोन शब्द कुणीतरी मोठ्याने पुकारतं. त्यावर कान ठेवा. दुसरी, ओळीत ‘हाइना’ असा शब्द आला की समजा शेवटचं कडवं आलं. ‘तुका म्हणे’ ऐकलं की टाळकरी सावध होतो ना, तसंच. ‘हाइना’ कानावर पडल्यावर नवीन काही सुरू करू नका, सगळ्यांबरोबर उतरायची तयारी करा.

शब्दांचं म्हणाल तर आपण मराठी माणसं तिथे फायद्यात असतो. हवाईयन भाषेला पाच स्वर आणि मोजकी व्यंजनं. स्वर लिहिल्याप्रमाणे उच्चारायचे आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळायचं. इंग्रजी लिपीत वाचणारे अमेरिकन ‘ए’ला ‘ई’ म्हणतात आणि ‘इ’ला ‘आय’. तुम्ही सरळ वहीत देवनागरीत लिहून घ्या. दोन स्वरांच्या मध्ये घशात अडवून म्हणायची जागा असते, तिथे एक टिंब द्या. गुरुजी म्हणतील ते ऐकून मगच लिहायचं, इंटरनेटवरून उतरवून नाही.

आता हार्मोनियमवाल्या बाईंकडे वळू. त्यांना बोल लावायच्या आधी एक गोष्ट मान्य करते: ज्याला खरंच सूर कळतो, त्याला शेजारचं बेसूर सोसत नाही, आणि तोंडातून निघून जातं. तरी निघालेलं बोलणं चूकच. भांडू नका, त्यांना काम द्या. माझं ऐकाल तर त्यांना युकुलेलेच्या वर्गातून उठवून स्टील गिटारच्या वर्गात बसवा. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात लोखंडी कांडी, ती तारेवरून सरकवली की सूर सुटा न पडता घसरत जातो. ओआहू बेटावर लाइए गावच्या जोसेफ केकुकू या शाळकरी पोराने 1889च्या सुमारास हे शोधून काढलं असं मानतात. त्याच्याही आधी भारतात जन्मलेला एक खलाशी होनोलुलूत असं काहीसं वाजवायचा, अशीही एक कथा तिकडे सांगतात. बाईंना ती जरूर ऐकवा, लगेच खुलतील. विशारद होईपर्यंत पेटीवर ज्या मींडेसाठी जीव तळमळला, ती तिथे कांडीखाली मिळते. आपल्या लोकांना याचा वास फार लवकर लागला होता. ताउ मोए हे हवाईयन वादक कुटुंबासह चाळीसच्या दशकात कलकत्त्यात राहून वाजवत होते. पुढे हवाईयन गिटारवरच्या सिनेगीतांच्या रेकॉर्डी घरोघरी वाजल्या. ब्रिजभूषण काबरांनी तर याच गिटारवर राग वाजवला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत 1967 साली निघालेली त्यांची रेकॉर्ड बाईंकडे असणारच. नसली तर चौघींनी मिळून ऐकवा. ज्या वाद्यात आपण स्वतः पहिलीत आहोत, त्या वर्गात सहा दिवस बसल्यावर ‘नुसती हातात धर’ कुणाला म्हणायचं राहत नाही. हे मी थोडं खट्याळपणे सुचवते आहे, पण वर्ग त्यांच्यासाठी खरोखरच योग्य आहे.

‘आलोहा ओए’चं मात्र ऐकावंच लागेल. ते गाणं लिलिउओकलानी यांनी 1878 साली रचलं. तेव्हा त्या राजकन्या होत्या, पुढे राणी झाल्या. 1893 साली अमेरिकन व्यापारी आणि मळेवाल्यांच्या टोळक्याने त्यांना गादीवरून खाली खेचलं. 1895 साली इओलानी या त्यांच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत त्यांना कैदेत ठेवलं. तिथेही बाई गाणी लिहीत राहिल्या. 1896च्या कायद्याने शाळांत हवाईयन भाषेतून शिकवणं बंद झालं, आणि राज्यभाषेचा मान परत मिळायला 1978 साल उजाडावं लागलं. मधल्या काळात ती भाषा जिथे तगली, त्यातली एक मोठी जागा ही गाणीच. तुमच्या वर्गात जे काका आणि मावशी शिकवतील, त्यांच्या आजीला कदाचित शाळेत तिच्या भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा झाली असेल. त्यांच्यासमोर, त्यांच्या राणीच्या गाण्यातले शब्द काढून आपण आपले शब्द बसवायचे? घरच्या पार्टीत करा, कोण अडवतंय. तिथे नको. ते लोक सभ्य आहेत, टाळ्याही वाजवतील, आणि म्हणूनच जास्त वाईट.

गवताचे घागरे तर आजच परत पाठवा, तीस दिवसांची मुदत संपायच्या आत. गवताचा घागरा मुळात हवाईचा नाहीच. तो पॅसिफिकमधल्या गिल्बर्ट बेटांवरून आलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात आणला आणि पुढे पर्यटकांच्या पोस्टरांनी तो हवाईच्या गळ्यात बांधला. प्लास्टिकचे हारही तसेच. तिथे खऱ्या फुलांची लेई घालतील. ज्याने घातली त्याच्यासमोर ती काढायची नाही, आणि सुकल्यावर कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, झाडाखाली ठेवायची. निर्माल्याचं काय करतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग शेवटच्या रात्री काय करायचं? वर्गात शिकवतील त्यातलंच एक गाणं, सगळ्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात उभं राहून, त्यांच्या शब्दांत. शिकवणाऱ्याला आधी विचारायचं की हे गाणं कुणी, कुणासाठी, कुठल्या जागेवर रचलं. बहुतेक गाण्यांत एखादी दरी, पाऊस, वारा, फूल नावानिशी येतं, आणि त्या फुलाआड बरेचदा एखादं माणूस दडलेलं असतं. आपल्या लावणीला ही चलाखी ठाऊक आहेच. आणि कुणी आपणहून म्हणालं, तुमच्याकडचं काही म्हणा, तर विशारदबाईंनी पेटीशिवाय, साथीशिवाय, जात्यावरच्या दोन ओव्या म्हणाव्यात. दोन मिनिटं. तुम्ही तिघींनी मागे फक्त सूर धरायचा. तयारी, कपडे, कोरिओग्राफी काही नको. मला विचाराल तर तुमच्या चार घागऱ्यांपेक्षा त्या मावशींना त्या ओव्याच आवडतील.

आता एक्सेलवाल्या बाई. त्यांच्या हौसेला नावं ठेवणार नाही. अशी एक मैत्रीण असते म्हणून बाकीच्यांची विमानं चुकत नाहीत. पण ती शीट कॅम्पच्या दिवसांवरून उचलून कॅम्पनंतरच्या दिवसांवर ठेवायला सांगा. अशा कॅम्पमधलं खरं शिकणं जेवणानंतर असतं. वर्ग संपतात, ताटं उचलली जातात, कुणीतरी व्हरांड्यात खुर्ची ओढतं, दुसरा गिटार घेऊन येतो आणि तासाभरात वीस जण गोल करून बसलेले असतात. याला ‘कानिकापिला’ म्हणतात. कागद नसतो, स्टँड नसतो. ज्याला येतं तो वाजवतो, ज्याला येत नाही तो वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे बघत राहतो. तुमची जागा तिथे दुसऱ्या रांगेत, एखाद्या शांतपणे वाजवणाऱ्या काकांच्या शेजारी. पहिल्या रात्री फक्त व्हॅम्प. लुआऊच्या तिकिटाच्या पैशांत यातलं काहीच मिळत नाही, आणि तो रोज रात्री कुठल्या ना कुठल्या हॉटेलात असतोच, पळून जात नाही.

हालेआकालाच्या सूर्योदयाला आगाऊ आरक्षण लागतं. डोंगर 3055 मीटर उंच आहे आणि पहाटे वर पारा शून्याच्या आसपास असतो. हवाई म्हणून बायका सुती कुर्त्यात जातात आणि हॉटेलचे टॉवेल गुंडाळून कुडकुडतात. बेलव्ह्यूची जाड जॅकेटं सोबत ठेवा. आणि त्यासाठी रात्री दोन-तीनला उठावं लागतं, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या वर्गात चौघी डुलक्या काढणार. हानाच्या रस्त्याला सहाशेहून जास्त वळणं आहेत, गाडी लागणारी कोण ते आधी विचारा. स्नॉर्केलिंगला माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे. डिसेंबर ते एप्रिल हंपबॅक देवमासे माउईच्या उथळ समुद्रात येतात, फेब्रुवारीत तर ऐन गर्दी. नर गातात. डोकं पाण्याखाली घातलंत तर दूरवरून ते गाणं कानावर येतं, त्यासाठी बोटीचं तिकीट लागत नाही. बोटीने गेलातच तर त्यांच्यापासून 91 मीटर लांब राहायचा कायदा आहे. सनस्क्रीन घेताना बाटलीवरचे घटक वाचा. प्रवाळाला मारक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेली क्रीम विकायला 2021 पासून तिथे बंदी आहे.

लाहाइनाचं नाव शीटमध्ये असेल तर एक विनंती. 8 ऑगस्ट 2023च्या वणव्यात ते गाव जळालं, शंभराच्या आसपास माणसं गेली. तुमच्या कॅम्पमधल्या कुणाचं तरी घर किंवा नातलग त्यात असू शकतात. फोटो काढत फिरायची ती जागा नव्हे. तिथला मोठा वड मात्र लांबून का होईना बघा. 1873 साली लावलेलं ते रोप भारतातून आलं होतं, आगीत होरपळलं आणि काही आठवड्यांत त्याला पालवी फुटली.

तिसरीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. जिला काहीही चालतं तिला स्लॅक की, म्हणजे तारा सैल करून वाजवायच्या हवाईयन गिटारच्या वर्गात पाठवा. गिटारच्या तीन तारा एकेक स्वर सैल करायच्या की ती उघडी छेडली तरी गोड वाजते. 1830च्या दशकात गुरं आवरायला मेक्सिकन गुराखी हवाईत आणले गेले, त्यांच्या गिटारी मागे राहिल्या आणि स्थानिक लोकांनी त्या आपल्या गळ्याला जुळवून घेतल्या. वर्षानुवर्षं ही जुळणी घराबाहेर सांगत नसत. आता सांगतात. जायच्या आधी गॅबी पाहिनुई आणि लेडवर्ड काआपाना या स्लॅक की वादकांचं थोडं ऐकून ठेवायला सांगा, कुणाची नावं निघाली तर कोरी पाटी नको.

राहता राहिले यजमान. त्यांना उत्तर देत बसू नका. पंधरा मिनिटांचा रियाज त्यांच्या बातम्यांच्या वेळी, त्याच खोलीत करा.

ग्रुपवर हे सगळं कसं मांडायचं हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. एकदम मांडू नका. या दिवसांत संध्याकाळी पूर्वेला कृत्तिका उगवतात. बेलव्ह्यूच्या ढगांतून दिसल्या तर बघा. त्या सूर्यास्ताला उगवू लागल्या की जुन्या हवाईत माकाहिकी सुरू व्हायचा: सुमारे चार महिने खेळ, मेजवान्या आणि लढाईला सक्त मनाई. हे ग्रुपवर टाका आणि म्हणा की फेब्रुवारीपर्यंत आपणही पाळूया. मग विशारदबाईंना एकटीला फोन करा. स्टील गिटारचं आधी सांगा, राणीची गोष्ट नंतर, घागऱ्यांचं सगळ्यात शेवटी. आणि त्या रविवारच्या वाक्याबद्दलही बोला, सरळ: “मला लागलं. मी वाजवणार आहे. चुकले तर तुझ्यापासून लांब बसेन.” ज्या बाईने हौसेने चौघींचे कपडे मागवले, ती हे ऐकून घेईल असा माझा अंदाज आहे. नाही घेतलं तर खरंच लांब बसा. मंडळ मोठं असतं.

सामानाचं थोडं सांगून थांबते. युकुलेले केबिनमध्ये बसतं, चेक-इन करू नका. थंडीत तुमच्याकडे घरात हीटर चालतो, हवा कोरडी पडते आणि लाकूड तडकतं, म्हणून आतापासूनच ते त्याच्या पेटीत, ओलावा देणाऱ्या गोळीसकट ठेवा. जाताना फळं, रोपं, फुलं नेऊ नका, भरून द्यायच्या फॉर्मवर खोटं तर मुळीच लिहू नका. येताना काहुलुई विमानतळावर शेतीखात्याची तपासणी असते, तिथे बाजारातून आणलेली बरीचशी ताजी फळं काढून घेतात. अननस चालतो, तपासणी झालेला. घराच्या दारात चपला काढायच्या आणि वयाने मोठ्या माणसाला अंकल-आंटी म्हणायचं, हे तुम्हाला शिकवावं लागणार नाही. आणि चौघींत दोन खोल्या घेतल्या असतील तर कोण घोरतं ते जायच्या आधीच एकमेकींना खरं सांगा.

— ताई